आजाऱ्याचा ‘उपयोग’ कोणी ठरवायचा?



ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत एकच हिशेब चालतो. पुढच्या वर्षासाठी हेल्थ इन्शुरन्सचा कोणता प्लॅन घ्यायचा? प्रीमियम कमी आणि डिडक्टिबल जास्त, की याच्या उलट? मुलांचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का? आपण आयटीवाले, म्हणून एक्सेल उघडतो, रकाने पाडतो आणि दरवर्षी त्याच निष्कर्षावर येतो की गेल्या वर्षीपेक्षा खर्च वाढला. थोडे कुरकुरतो, एक प्लॅन निवडतो आणि विषय वर्षभरासाठी मिटवतो.

या हिशेबात एक प्रश्न येतच नाही. ज्याला असा प्लॅन देणारी कंपनी नाही, त्याने आजारी पडल्यावर काय करायचे? आणि त्याच्याशी आपला काय संबंध? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तसा नीतीचाही आहे. तथागतांनी त्याचे उत्तर विनयाच्या नियमात दिले आणि बाबासाहेबांनी तेच तत्त्व कायद्याच्या भाषेत आणले, असे मला वाटते. ते कसे, हे या लेखात मांडतो.

अतिसाराने आजारी भिक्खू

विनयपिटकाच्या महावग्गातला हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. बाबासाहेबांनीही तो ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. तथागत आनंदांना सोबत घेऊन भिक्खूंच्या निवासांची पाहणी करत होते. एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. त्याला अतिसार झाला होता. तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का, असे भगवंतांनी विचारले. नाही, तो म्हणाला. का नाही? तर मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझे काही करत नाहीत, असे त्याने सांगितले. मूळ पालीत त्याने स्वतःसाठी वापरलेला शब्द ‘अकारक’ असा आहे, म्हणजे कोणासाठी काही न करणारा.

भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला पाठवले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून विचारणा केली. भिक्खूंनीही तेच उत्तर दिले, की तो आमच्यासाठी काही करत नाही. तेव्हा तथागतांनी त्यांना जाणीव करून दिली की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले.

या प्रसंगातल्या दोन गोष्टींकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पहिली, तथागतांनी त्या भिक्खूची बाजू मांडताना तो खरे तर उपयोगाचा आहे, पुढे मोठा विद्वान होईल, असे काहीच म्हटले नाही. त्याच्या उपयोगाचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही. तो आजारी आहे, एवढे कारण त्यांना पुरले. दुसरी गोष्ट, त्यांनी स्वतः सेवा करून विषय संपवला नाही, तर नियम घालून दिला. आजारी भिक्खूची काळजी त्याच्या उपाध्यायाने घ्यावी, आचार्याने घ्यावी, शिष्याने घ्यावी. यांपैकी कोणी नसेल तर संघाने घ्यावी. न घेतल्यास तो दोष मानला जाईल. म्हणजे उद्या दुसरा कोणी ‘अकारक’ भिक्खू आजारी पडला, तर भगवंत त्याच वाटेने येण्याची वाट पाहायला नको.

करुणेचा असा नियम करणे हे आजच्या आरोग्यव्यवस्थेच्या चर्चेत सगळ्यात मोलाचे आहे.

पूर्वकर्म आणि पूर्वव्याधी

‘आजारी पडला तर त्याचे नशीब’, ‘मागच्या जन्मीचे भोग’ ही भाषा आपण लहानपणापासून ऐकली आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, हे आपण जाणतो. दुःखाचे खापर दुःखिताच्याच माथी फोडले की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून सुटतात. संयुत्तनिकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणसाला होणाऱ्या सगळ्या वेदना पूर्वकर्मामुळेच होतात, हे मत तथागत तिथे खोडून काढतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी कारणे ते मोजून दाखवतात.

आता अमेरिकेकडे पाहा. ओबामांच्या काळात २०१० मध्ये झालेल्या कायद्याची मुख्य तरतूद २०१४ पासून लागू झाली. तोपर्यंत स्वतःच्या पैशाने इन्शुरन्स घेऊ पाहणाऱ्या माणसाला कंपनी आधी त्याच्या जुन्या आजारांची यादी विचारायची. मधुमेह असेल, कधी कॅन्सर होऊन गेला असेल, तर बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नकार देऊ शकत असे किंवा जबर प्रीमियम लावत असे. याला ‘प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’ म्हणत. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये ही अट आजही असते, हे आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इन्शुरन्स कंपनीच्या दृष्टीने ही पद्धत तर्काला धरून आहे. पण ज्याला उपचारांची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत आधी बाहेर काढायचे, हा त्या तर्काचा शेवट आहे. पूर्वकर्माच्या जागी पूर्वव्याधी आली, पण दाराबाहेर उभा राहणारा माणूस तोच राहिला.

खर्च का वाढतो?

नीतीची गोष्ट करताना पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. १९६० मध्ये अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करत होती. २०२३ मध्ये हे प्रमाण १७.६ टक्क्यांवर गेले. एकूण खर्च ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे माणशी साडेचौदा हजार डॉलरहून थोडा जास्त. एवढे करून २०२३ मध्ये या देशातले सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते आणि इतर श्रीमंत देशांपेक्षा ते काही वर्षांनी कमीच होते. त्या वर्षी सुमारे अडीच कोटी लोकांकडे कोणताच इन्शुरन्स नव्हता.

या वाढीची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची नैतिक बाजूही सारखी नाही, म्हणून ती सुटी करून पाहायला हवीत.

पहिले कारण विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सांगितले. काही कामांची उत्पादकता यंत्रांमुळे भराभर वाढते, काहींची वाढू शकत नाही. आपण लिहिलेला कोड एकदा तयार झाला की दहा लाख ठिकाणी चालतो. पण आजारी माणसाचे अंग धुवायला आनंदांना जेवढा वेळ लागला, तेवढाच आजच्या नर्सलाही लागतो. इतर क्षेत्रांत पगार वाढले की नर्सचाही पगार वाढवावा लागतो, नाहीतर ती हे काम सोडून जाईल. त्यामुळे माणसाच्या हाताने होणारी सेवा दरवर्षी तुलनेने महाग होत जाते. ही वाढ कोणाच्या लबाडीमुळे होत नाही. समाज श्रीमंत झाल्याचा तो परिणाम आहे, आणि तो भरण्याइतकी श्रीमंतीही त्याच समाजाकडे आलेली असते.

दुसरे कारण किमतींचे. २००३ मध्ये उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गाजलेला लेख लिहिला. अमेरिकन माणूस इतर श्रीमंत देशांतल्या माणसापेक्षा डॉक्टरकडे जास्त वेळा जात नाही, रुग्णालयात जास्त दिवसही राहत नाही. फरक मुख्यतः किमतींत आहे, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. तेच औषध, तीच तपासणी, तीच शस्त्रक्रिया इथे जास्त पैशाला मिळते. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. १९२३ मध्ये त्याच्या शोधकर्त्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले. शंभर वर्षांनंतर अमेरिकेत मेडिकेअरच्या रुग्णांसाठी इन्सुलिनवर महिना ३५ डॉलरची मर्यादा घालायला संसदेला कायदा करावा लागला.

तिसरे कारण या बाजाराच्या स्वभावात आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवले की आरोग्यसेवा ही इतर मालासारखी विकत घेता येत नाही. आजार कधी येईल हे माहीत नसते. कोणता उपचार हवा हे डॉक्टरला कळते, रुग्णाला कळत नाही. छातीत कळ आल्यावर कोणी तीन रुग्णालयांची कोटेशन मागवत नाही. म्हणून डॉक्टरने केवळ नफा पाहू नये अशी समाजाची अपेक्षा असते आणि त्या विश्वासावरच ही सेवा उभी राहते. चांगला शुश्रूषक कोण, हे सांगताना विनयातही हीच अट येते. त्याने आमिषासाठी नव्हे, मैत्रीचित्ताने सेवा करावी. नोबेल मिळवणारा अर्थशास्त्रज्ञ आणि विनयपिटक एकाच मुद्द्याला हात घालतात, याचे मला नवल वाटते.

चौथे कारण कागदपत्रांचे, आणि ते आपल्या कामाच्या जवळचे आहे. आपल्यातल्या अनेकांप्रमाणे मीही काही वर्षे एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम प्रणालीवर काम केले आहे. डॉक्टरकडून ‘८३७’ नावाच्या ठरावीक नमुन्यात क्लेम येतो. त्यात आजाराचा कोड, उपचाराचा कोड आणि रक्कम असते. आम्ही लिहिलेले नियम तो तपासतात आणि बहुतेक क्लेमना माणसाचा हात न लागता मंजुरी किंवा नकार मिळतो. नकार मिळाला की रुग्णालयातला दुसरा माणूस दुसरे सॉफ्टवेअर वापरून तो परत पाठवतो. दोन्ही बाजूंच्या या माणसांचे पगार शेवटी प्रीमियममधूनच निघतात. या साखळीत कोणी दुष्ट नसतो, पण आजारी माणूस कोणाला दिसतही नाही. सम्यक आजीविकेचा विचार करताना आपण शस्त्रे, विष, मद्य यांचा व्यापार आठवतो. आपल्या क्षेत्रात तो प्रश्न असाही विचारता येईल, की मी लिहिलेल्या नियमाने ज्याला नकार मिळतो, त्याला त्याचे कारण समजेल अशा भाषेत कळते का? दाद मागायची वाट त्याला सापडते का? डिझाइनच्या बैठकीत हे विचारणे आपल्या हातात असते.

नोकरी गेली की आजारपणाचे काय?

अमेरिकेत आरोग्य नोकरीला कसे बांधले गेले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर नियंत्रण आणले. कामगार मिळवण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विम्याची सवलत द्यायला सुरुवात केली, कारण ती त्या नियंत्रणाच्या बाहेर होती. १९५४ च्या करकायद्याने या विम्यावरची करमाफी पक्की केली. युद्धकाळातल्या एका सोयीचे असे कायमच्या व्यवस्थेत रूपांतर झाले.

परिणाम काय झाला? २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता. यातला मोठा वाटा कंपनी भरते, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. पण तोही आपल्या श्रमाचाच मोबदला असतो. शिवाय एकाच कंपनीतल्या व्हाइस प्रेसिडेंटच्या आणि रिसेप्शनवरच्या बाईच्या विम्याची किंमत जवळपास सारखी असते. एकाच्या उत्पन्नात ती किरकोळ, दुसरीच्या उत्पन्नात डोंगराएवढी. लेऑफ झाला की कोब्रा कायद्याने साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीच्या वाट्यासह सगळी रक्कम आणि वर दोन टक्के स्वतः भरावे लागतात. पगार थांबतो तेव्हाच हे बिल येते. एच-वन-बीवर असणाऱ्यांना त्याच वेळी साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची असते.

म्हणजे या व्यवस्थेत माणसाला उपचार मिळतात ते तो कोणाच्या तरी उपयोगाचा आहे तोवर. विहारातल्या त्या भिक्खूंनी दिलेले उत्तर इथे एका अख्ख्या देशाने आपल्या करकायद्यात लिहून ठेवले आहे.

आपल्या गप्पांत कधी कधी एक सूर ऐकू येतो. आम्ही मेहनत केली, शिकलो, टॅक्स भरतो, मग मेडिकेडवर जगणाऱ्यांचा खर्च आम्ही का उचलायचा? ही चाल आपल्या ओळखीची आहे. भारतात आरक्षणाबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल हेच शब्द आपल्याला ऐकवले गेले. ‘फुकटे’, ‘मेरिट नसलेले’. तिकडे ज्या तर्काने आपल्याला लाथाडले, तोच तर्क इकडे आपण कोणाला तरी लावत असू, तर बावीस प्रतिज्ञांतली समतेची आणि प्राणिमात्रांवरच्या दयेची प्रतिज्ञा आपण कुठे ठेवली, हे स्वतःला विचारायला हवे.

पैसे असूनही

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते डिसेंबर १९२९ मध्ये गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठांच्या मध्यस्थीने आला, तर बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने आधी एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने पत्नीला. तपासणी एवढीच. पुढे फीचे दोन रुपये देऊनही तो पुन्हा आला नाही. ती गेली. पैसे दिलेले होते, डॉक्टरही गावात होता, तरीही उपचार मिळाले नाहीत.

अमेरिकेतही रुग्णालये अशीच वाटलेली होती. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैशातून रुग्णालये बांधायला मदत दिली, पण काळ्या आणि गोऱ्या रुग्णांसाठी वेगळ्या सोयी चालवायला मुभाही ठेवली. १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर योजना मंजूर झाली. तिचे पैसे हवे असतील तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे रुग्णालयाने भेदभाव सोडला पाहिजे, अशी अट सरकारने घातली. जुलै १९६६ मध्ये योजना सुरू होण्याच्या आधीच्या थोड्या महिन्यांत शेकडो रुग्णालयांनी आपले वेगळे वॉर्ड मोडले. पिढ्यानपिढ्या प्रवचनांनी जे झाले नव्हते ते सार्वजनिक पैसा आणि कायदा एकत्र आल्यावर काही महिन्यांत झाले. आज आपल्यातले कोणी आईवडिलांना इथल्या रुग्णालयात नेतात आणि कुठल्याही वॉर्डात खाट मिळते, त्यामागे काळ्या समाजाचा हा लढा आहे. त्याचे ऋण आपण मानले पाहिजे.

बाबासाहेबांनी काय केले?

बाबासाहेबांच्या घरातली चार लेकरे, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. आजारपण आणि गरिबी एकत्र आल्यावर घराचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण त्यांची कृती पाहा. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आपण त्याला ईएसआय म्हणून ओळखतो.

ईएसआयचे तत्त्व साधे आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, उपचार आजाराच्या प्रमाणात. आज कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कमी पगाराचा कामगार कमी भरतो, पण त्याच्या बायकोला मोठी शस्त्रक्रिया लागली तर त्याने किती भरले, हे कोणी विचारत नाही. वर पाहिलेल्या अमेरिकन प्रीमियमशी याची तुलना करा, म्हणजे दोन्ही व्यवस्थांच्या मुळाशी असलेल्या नीतीतला फरक कळेल.

ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था आपण पाहिली आहे, आणि ही योजनाही नोकरीशीच जोडलेली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, सफाईचे कंत्राटी कामगार तिच्या बाहेर राहिले. १९४६ च्या भोर समितीने म्हटले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांविना राहू नये. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. तरीही सरकारी आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये भारतातल्या आरोग्यखर्चाचा ६४ टक्के भाग लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे, पण नागपूरच्या मेडिकलमध्ये, संभाजीनगरच्या घाटीत किंवा मुंबईच्या केईएममध्ये पहाटेपासून रांग लावणारे आपलेच नातेवाईक आहेत. सुट्टीत भारतात जाऊन काचेच्या इमारतीतल्या रुग्णालयात दात करून घेताना ‘इंडियात किती स्वस्त’ असे आपण म्हणतो, तेव्हा ही रांग डोळ्यांसमोर असावी.

मर्यादा कुठे घालायची?

सगळ्यांना सगळे उपचार देणे कोणत्याही देशाला परवडणार नाही, हा आक्षेप गंभीर आहे. औषधे रोज नवी येतात, काहींची किंमत लाखो डॉलर असते. कुठेतरी ‘नाही’ म्हणावेच लागते. ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था नव्या उपचाराचा खर्च आणि त्याने वाढणारे चांगले आयुष्य यांचा मेळ घालून शिफारस करते. हाही माणसाच्या आयुष्याचा हिशेबच नाही का?

इथे अंगुत्तरनिकायातले एक सूत्र मला उपयोगी वाटते. तथागत तीन प्रकारचे रुग्ण सांगतात. एक, औषध मिळो न मिळो, बरा होणारच. दुसरा, काहीही केले तरी बरा न होणारा. तिसरा, योग्य आहार, औषध आणि शुश्रूषा मिळाली तरच बरा होणारा. औषध आणि शुश्रूषेचे विधान या तिसऱ्यासाठी आहे. पण त्याच्यामुळे पहिल्या दोघांचीही सेवा करावी, असे ते सांगतात. म्हणजे उपचाराने काय साधते, हे पाहायला धम्माची हरकत नाही. ज्याच्यावर इलाज चालत नाही त्यालाही टाकून द्यायचे नाही. उपचाराचा उपयोग तपासणे वेगळे आणि माणसाचा उपयोग तपासणे वेगळे. पहिले वैद्यकाचे काम आहे. दुसरे कोणाचेच नाही. व्यवहारात पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही. अपंग व्यक्तींच्या संघटना अशा मोजमापांवर हाच आक्षेप घेतात आणि तो ऐकला पाहिजे. म्हणून ‘नाही’ म्हणण्याचा नियम उघड असावा, सर्वांना सारखा लागू असावा आणि त्यावर दाद मागता यावी. अमेरिकेतही ‘नाही’ म्हटले जातेच. ते पाकिटाच्या जाडीवरून आणि क्लेमच्या कोडवरून म्हटले जाते, म्हणून त्याची कोणी जाहीर चर्चा करत नाही.

रुग्णाचीही जबाबदारी असते. पथ्य पाळणे, प्रमाण ओळखणे, औषध घेणे, दुखणे खरे सांगणे, वेदना सहन करणे असे चांगल्या रुग्णाचे गुण विनयात सांगितले आहेत. असे न करणाऱ्याची शुश्रूषा अवघड असते, हेही सांगितले आहे. पण शुश्रूषा करणे हे संघाचे कर्तव्यच राहते.

आपण काय करू शकतो?

आपल्या संघटनांमध्ये दानाची परंपरा मोठी आहे. कोणाच्या घरी संकट आले की व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो आणि दोन दिवसांत पैसे जमतात. याचा अभिमान वाटावा. पण ज्याला सगळे ओळखतात, जो कार्यक्रमांत पुढे असतो, त्याच्यासाठी पैसे लवकर जमतात, हेही खरे आहे. गोफंडमीवरही ज्याचा गोतावळा मोठा त्याला जास्त मिळते. त्या अतिसाराच्या भिक्खूने असे आवाहन केले असते तर त्याला किती मिळाले असते?

म्हणून तीन सूचना मांडतो.

पहिली, प्रत्येक संघटनेने आजारपणासाठी एक कायम निधी ठेवावा आणि त्याचे नियम लेखी असावेत. मदत किती, कशासाठी, किती दिवसांत, हे आधी ठरलेले असावे. वर्गणी भरली की नाही, जयंतीला येतो की नाही, हे विचारू नये. वर्गणी ज्याच्या त्याच्या उत्पन्नाप्रमाणे असावी.

दुसरी, माहितीची मदत पैशाइतकीच मोलाची असते. नोकरी गेल्यावर कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला किमान साठ दिवस मिळतात. मार्केटप्लेसमधून नवा विमा घेण्यासाठीही साठ दिवसांची खास मुदत असते, आणि उत्पन्न कमी झाले असेल तर तो स्वस्त पडू शकतो. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवण्याचे कायद्याने बंधन आहे. मोठे बिल आले तर क्रेडिट कार्ड काढण्याआधी तपशीलवार बिल आणि त्या मदतीचा अर्ज मागावा. आपल्यातल्या दोन-तीन जाणकारांनी ही जबाबदारी घेतली, तर अनेक घरे कर्जातून वाचतील.

तिसरी, जे इथले नागरिक झाले आहेत त्यांनी आरोग्याच्या प्रश्नावर मतदान करताना फक्त स्वतःचा प्रीमियम पाहू नये. भारतात ज्यांचा शब्द चालतो त्यांनी सरकारी रुग्णालयांसाठी तो वापरावा. एका नातेवाइकाचे खासगी रुग्णालयातले बिल भरणे हे दान आहे. त्याच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आणि औषध असावे म्हणून पाठपुरावा करणे हे बाबासाहेबांच्या वाटेवरचे काम आहे. दोन्ही करावे, पण दुसरे विसरू नये.

आपण आज कमावतो आहोत, निरोगी आहोत, कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाचे आहोत. ही अवस्था कायम राहत नाही. जरा आणि व्याधी कोणालाच चुकलेली नाहीत. सिद्धार्थाने घर सोडण्याआधी पाहिलेले सत्य तेच होते. ती वेळ आपल्यावर किंवा आपल्या शेजाऱ्यावर येईल, तेव्हा तिथे नियम उभा असेल की फक्त कोणाची तरी मर्जी, हे आज आपण काय उभे करतो यावर ठरेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.